तामाए काकूच्या तोंडातलं नाव

आमच्या तामाए काकूला दोन आवाज आहेत. एक घरचा. तो जाडाभरडा, जरा बसका, "अगं, मुळा चिरलास की नुसता घाबरवलास?" असं विचारणारा. दुसरा आवाज घशातून येतच नाही, नाकाच्या वर, कपाळात कुठंतरी त्याची जागा आहे. तो असा येतो: "साएगुसा, साएगुसा, साएगुसा गेन्झो. आपल्या नेहमीच्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार. साएगुसा, साएगुसा, साएगुसा गेन्झो." दुसऱ्या साएगुसाला सूर चढतो, तिसऱ्याला उतरतो, आणि 'गेन्झो' म्हणताना काकू जणू दुपट्यात गुंडाळलेलं बाळ अलगद तुमच्या हातात देते. मला तो हुबेहूब काढता येतो. एकदा न्हाणीघरात काढला, तर शेजारच्या आजी आमच्या अंगणात येऊन कमरेत वाकून नमस्कार करून गेल्या.

निवडणुकीच्या गाडीत बसून उमेदवाराचं नाव पुकारणाऱ्या बाईला आमच्याकडे उगुइसु म्हणतात. ते एका गोड गळ्याच्या पाखराचं नाव आहे. पाखरू म्हटलं की ते उडत असेल असं लोकांना वाटतं. आमचं पाखरू पांढऱ्या व्हॅनमध्ये बसतं, डोक्यावर चार भोंगे, खिडकीतून बाहेर पांढरा हातमोजा, आणि सकाळी आठ ते रात्री आठ, कायद्याने जेवढी मुभा आहे तेवढं, तिसऱ्या मतदारसंघाच्या प्रत्येक वळणावर एकच नाव घेतं. रस्त्यावर माणूस नसेल तर शेताला सांगतं. काकूने एकदा बुजगावण्याला "कामात असूनही हात हलवल्याबद्दल धन्यवाद, आजोबा" म्हटलेलं आहे. काका म्हणतात दोनदा. काकू म्हणते, दुसऱ्यांदा खरे आजोबा होते, हलत नव्हते एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात खासदार साएगुसा गेन्झो वारले. अंत्यसंस्काराहून आल्यावर काकूने काळा किमोनो सोडला, दारातल्या पायरीवर बसली, घोट्यांना हवा घातली आणि घरच्या आवाजात म्हणाली, "सुटले बाई."

"कोण, साहेब?" किइची काकांनी विचारलं.

"साहेबही."

आमच्या मतदारसंघाचा इतिहास शाळेत शिकवत नाहीत. तो सगळा काकूच्या घशात आहे. पूर्वी म्हणे मोठा थोरला भाग मिळून चार खासदार निवडून जायचे. गेन्झोसाहेब कधी तिसरे यायचे, कधी चौथे, आणि चौथा आलेलाही खासदारच असतो, त्यामुळे सगळं सुखात चाललं होतं. मग कायदा बदलला. एक भाग, एक खासदार. आता दुसरा आलेला घरी जाणार. साहेबांना घाम फुटला.

त्याच साली मोनमासाहेबांनी आपल्या बांधकाम कंपनीची सहल गरम झऱ्यांवर नेली होती. हे मोनमा म्हणजे साहेबांच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष, तेव्हाही आणि आजही. बसमध्ये गाइड म्हणून काकू उभी होती, टोपी, हातमोजे, "उजवीकडे पाहावं, धबधबा, डावीकडे पाहावं, त्याच धबधब्याची नदी." पुढच्या सीटवर साके घेत बसलेल्या साहेबांनी मान वर केली आणि मोनमांना सांगितलं, "या मुलीला माझं नाव म्हणायला सांगा." काकूने म्हटलं. काकू ही गोष्ट सांगते तेव्हा इथेच थांबते. "म्हटलं," असं म्हणते आणि उठून भांडी घासायला लागते.

ती बस चालवत होते किइची काका. लग्न मोनमांनीच जमवलं. काकांना कंपनीत नोकरी लागली, गाव सोडायचा प्रश्न मिटला, आणि निवडणूक आली की नवरा चाकावर, बायको माइकवर. पहिल्या निवडणुकीत साहेब जिंकले. दुसऱ्या वेळी काकूच्या पोटात माझी चुलतबहीण होती. ती जन्मली आणि रडली तेव्हा दाई म्हणाली, हिने साएगुसा म्हटलं. तिसऱ्या वेळीही जिंकले. मग एकदा सगळ्या देशात वारं उलटलं. टोकियोहून एक कोवळा पोरगा सायकल घेऊन उतरला. ज्यांनी काकूच्या हातमोज्याला दोन्ही हात हलवले, त्यांनीच आत जाऊन पोराचं नाव लिहिलं. साहेब पडले.

काकूने तेव्हा शहरातल्या गायन मंडळात नाव घातलं होतं. पण आमच्या कायद्यात मागचं एक दार आहे. जागेवर पडलेला उमेदवार पक्षाच्या यादीत असेल आणि थोडक्यात पडला असेल, तर त्या यादीतून तो संसदेत जाऊन बसतो. संध्याकाळी मेलेला माणूस न्याहारीला खासदार. लोक त्याला भूत म्हणतात. साहेब असे भूत होऊन परत आले आणि काकू परत गाडीत बसली. गायन मंडळाच्या बाईंनी तसंही तिला सांगितलं होतं, "तामाएसान, तुमचा आवाज सगळ्यांच्या पुढे पळतो. तो कुणाबरोबर गात नाही."

पुढे मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव जोडलं गेलं. तिथल्या लोकांना वरच्या खोऱ्यातलं बोलणं गावंढळ वाटायचं, म्हणून काकू तिथे हेल बदलून बोलायला शिकली. आणि दर वेळी विरुद्ध बाजूला, न चुकता, नागोशी हात्सुएबाई. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या. त्या स्वतःच छोटा टेम्पो चालवत यायच्या आणि स्वतःच बोलायच्या: "हात्सुए आलेय. तुम्हा सगळ्यांना मी जेवू घातलंय. गाजर कोण टाकून द्यायचं तेही मला माहीत आहे." लोक हसायचे आणि साएगुसा लिहायचे.

आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहायचं. म्हणून तर गाडी, भोंगे, काकू. नाव डोळ्यांत बसून चालत नाही, हातात उतरावं लागतं. आणि काकूने ते उतरवलं होतं. आमच्या खोऱ्यातली माणसं पेन्सील चालते का बघायचं झालं तरी साएगुसा लिहितात.

साहेब गेले, पोटनिवडणुकीची तारीख पडायच्या आत संसदच विसर्जित झाली, आणि पक्षाने तिकीट दिलं साहेबांच्या मुलाला, ताकामिचीला. तो लहानपणीच टोकियोला गेलेला, बँकेत मोठा अधिकारी. इथली ऑफिसची खोली, लग्नकार्यं, मयती, पूर आला की पोती, हे सगळं इतकी वर्षं सांभाळत होती ती साहेबांची मुलगी, रुईताई.

रुईताई आमच्याकडे आली तेव्हा काकू आणि मी वाळवायला टांगायची तुरट पर्सिमनं सोलत होतो. तिने न विचारता सुरी घेतली आणि सोलायला बसली.

"टोकियोहून फोन आला," ती म्हणाली. "मला नाही. मोनमाला. मोनमाने मला सांगितलं, ताई, चहा करा, आनंदाची बातमी आहे."

"केलात?"

"केला ना. सवय." सालीची लांब पट्टी तिने तुटू न देता खाली सोडली. "मी अपक्ष उभी राहतेय, तामाए."

काकूची सुरी थांबली.

"माझ्या गाडीत बस म्हणायला आले नाही. तुला बसवलं तर किइचीभाऊंची नोकरी जाईल, तेवढं कळतं मला. फक्त त्याच्या गाडीत बसू नकोस. बाकी कुणीही माझ्याविरुद्ध ओरडू दे. तू नको. घसा बसलाय म्हणून सांग."

"तोच तर बसत नाही मेला," काकू म्हणाली.

हे मी मध्येच सांगून ठेवते. इतक्या निवडणुकांत गाडीत काकूच्या मागच्या सीटवर रुईताई असायची. घाटाच्या वळणावर काकू खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हात हलवायची, तेव्हा रुईताई तिचा कमरेचा पट्टा मुठीत धरून ठेवायची. भाताच्या गोळ्यांतलं खारवलेलं आंबट प्लम काढून टाकून मगच तिला द्यायची, घशाला त्रास नको म्हणून. स्वतः ती सगळी प्लम खायची. काका म्हणतात, निवडणूक संपली की रुईताईचं तोंड आठवडाभर वाकडं असायचं.

मग मोनमा आले. मोनमा प्रत्येक वाक्य बोलून झाल्यावर जरा थांबतात, ओल्या काँक्रीटवर कुणी पाय देऊ नये म्हणून थांबावं तसे.

"वहिनी. साहेबांच्या फोटोला नमस्कार करून आलो. साहेब म्हणाले, तामाएला सांग."

"फोटो म्हणाला?"

"फोटोच म्हणाला. ताकामिचीसाहेब नवीन आहेत. त्यांना वळणं माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत." थांबले. "किइचीची पाठ कशी आहे?"

"दुखते," काका म्हणाले.

"म्हणूनच ऑफिसात ठेवलाय तुला. खडीच्या ट्रकवर माणूस कमी आहे, पण मी म्हटलं, छे, किइचीची पाठ." परत थांबले. "निवृत्तीला थोडंच तर राहिलंय."

काकूने ओठ पुसले. तिने ठरवलं होतं, मला दिसत होतं. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "माफ करा हो, पण माझा घसा यंदा अगदीच बसलाय."

आणि ते आलं कपाळातून. घंटेसारखं स्वच्छ. शब्दाच्या शेवटी वर चढून अलगद उतरलेलं. मोठ्या माणसाला नम्रपणे नकार द्यायचा म्हटलं की काकूचं तोंड आपोआप तोच आवाज काढतं. नम्र बोलायला ती त्याच गाडीत शिकली आहे.

मोनमा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "ऐक रे किइची. हा बसलेला घसा. उठला असता तर छप्पर गेलं असतं." आणि जाताना पांढऱ्या हातमोज्यांचा नवा जोड पायरीवर ठेवून गेले.

काकू गाडीत बसली.

तालीम साहेबांच्या ऑफिसात झाली. काका पेट्या उचलायला मला घेऊन गेले होते, त्यामुळे ती मी स्वतः ऐकली. मोनमांनी फळ्यावर दोन नावं लिहिली: साएगुसा ताकामिची, साएगुसा रुई. "नुसतं साएगुसा लिहिलं तर ते मत दोघांत वाटतात. ज्याला जास्त, त्याला मोठा तुकडा. मताचे तुकडे होतात, अपूर्णांक. मला अपूर्णांक नको आहेत. वहिनी, आडनाव हळू, नाव मोठ्यांदा. ता, का, मि, ची."

"साएगुसा, साएगुसा, साएगुसा गे..."

"ता."

"माफ करा. साएगुसा, साएगुसा, साएगुसा गे..."

ताकामिचीसाहेब शेजारी उभे होते. चांगले कपडे, चांगले दात. त्यांना वाईट म्हणता येणार नाही, ते वाईट व्हायला इथे राहिलेच कुठे. प्रत्येक गोष्टीला ते 'त्या अनुषंगाने' म्हणायचे. "बाबांचं नाव जिभेवर आहे, हे स्वाभाविक आहे," ते म्हणाले. "त्या अनुषंगाने आपण सराव वाढवू."

संध्याकाळी घरी मी 'त्या अनुषंगाने भात वाढा' म्हटलं, काका हसले, काकू हसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून ता, का, मि, ची करत होती.

प्रचाराला लागून थोडेच दिवस झाले होते. आमची शाळेची बस वरच्या खोऱ्यातल्या पुलापाशी अडकली. तो पूल एका गाडीचा. या बाजूने आमच्यापुढे काकूची पांढरी व्हॅन, समोरून रुईताईची उसनी व्हॅन, भाजीवाल्याची, छपरावर एकच भोंगा. रुईताईकडे उगुइसु नव्हती. ती स्वतःच ओरडत होती आणि तिचा घसा खरंच बसला होता.

दोन उमेदवारांच्या गाड्या समोरासमोर आल्या की आमच्याकडे एकमेकांना माइकवरून शुभेच्छा द्यायची रीत आहे. मग ते मनात काही का असेना. द्यायच्या म्हणजे द्यायच्या, नाव घेऊन.

"साएगुसा ताकामिची उमेदवारांना," रुईताईचा घोगरा आवाज आला, सख्ख्या भावाला उमेदवार म्हणणारा, "लढतीसाठी शुभेच्छा."

आता काकूची पाळी. भोंग्यातून नुसती खरखर. शेतात मुळे उपटणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. आमचा ड्रायव्हर पुटपुटला, "बोला की." तिने फक्त एक नाव घ्यायचं होतं, साएगुसा रुई, आणि शुभेच्छा. तेवढं म्हटलं की रुईताई कायमची समोरची उमेदवार झाली असती, काकूच्या तोंडून.

"साएगुसा," काकू म्हणाली. "साएगुसा. साएगुसा गेन..."

आणि झो उचकीत अडकून मागाहून आला.

ड्रायव्हरने टोपी काढली. एका म्हातारीने मुळा खाली ठेवून हात जोडले. मग भोंग्यातून हळू आवाज आला, "अरे देवा, माइक चालूच आहे," तो काकांचा. रुईताईची व्हॅन मागे मागे जात पुलाबाहेर गेली, वाट करून दिली. काकूची व्हॅन पुढे गेली.

रात्री जेवताना काकूने वाटी हातात घेतली तरी ती तोंडाला लावली नाही. "आता काढतील," ती म्हणाली. मला तिच्या आवाजात भीती ऐकू आली आणि भीतीच्या खाली काहीतरी हलकं, जोडे काढल्यावर पायाला वाटतं तसं.

"नाही काढत," काका म्हणाले. "मोनमा खूश आहे. म्हणाला, बाया रडल्या. म्हणाला, वरच्या खोऱ्यात मधूनमधून साहेबांचं नाव घ्या, रडवा, आणि मग ताकामिची म्हणा."

काकूने वाटी खाली ठेवली.

त्यानंतर वरच्या खोऱ्यात ती रोज साहेबांचं नाव घ्यायला लागली. पुढचं मात्र म्हणायची नाही. साएगुसा, साएगुसा, साएगुसा गेन्झो, आभार, आणि गाडी वळणाआड. खाली शहरात, किनाऱ्यावर, मोनमांच्या कानांपुढे, ती ताकामिची म्हणायची, अडखळत, पण म्हणायची. वर गेलं की जीभ घसरायची. सगळे म्हणाले, बिचारी, वर्षानुवर्षांची सवय.

आमची शाळा वरच्या खोऱ्याच्या तोंडाशी आहे, मला वर्गात सगळं ऐकू यायचं. घसरणाऱ्या जिभेला ठेच लागते. पुलावर झो उचकीत अडकला होता. आता अडकत नव्हता. आता तो बाळाला दुपट्यात ठेवावं तसा अलगद येत होता. संध्याकाळी मी काकूपुढे दोन्ही करून दाखवले, आधी पुलावरचा, मग आजचा.

काकूने सुरी माझ्या हातात दिली. "मुळा चिर," ती म्हणाली. "आणि तोंड बंद ठेवून चिर."

निकालाच्या सकाळी पत्रकार नागोशी हात्सुएबाईंच्या घरी पोचले तेव्हा त्या परसात कांद्याची पात उपटत होत्या. "परत मोजा," त्या म्हणाल्या. "काहीतरी चुकलंय. मी पडते." त्या जिंकल्या होत्या. थोडक्यात, पण जिंकल्या होत्या. त्यांच्याकडे जिंकल्यावर हात वर करून बान्झाइ म्हणायला माणसंही जमलेली नव्हती. दोन पत्रकार आणि पोस्टमन यांनी मिळून म्हटलं.

साएगुसांच्या मतांना शेपट्या फुटल्या होत्या. नुसतं आडनाव लिहिलेल्या सगळ्या मतपत्रिका बहीण-भावात वाटल्या गेल्या, अमुक इतकी मतं आणि वर दशांश अमुक. पण खरी गोष्ट केशकर्तनालयात कळली. मोजणीच्या वेळी ताकामिचीच्या बाजूने साक्षीदार म्हणून मोनमांचा मेहुणा बसला होता. "वरच्या खोऱ्याच्या पेट्या उघडल्या," तो मानेवर वस्तरा फिरत असताना सांगत होता, "आणि एकेक कागद काय सुंदर अक्षरात. पूर्ण नाव, नीट, दाबून लिहिलेलं. साएगुसा गेन्झो. साएगुसा गेन्झो. इतक्या सुंदर अक्षरातली बाद मतं मी जन्मात बघितली नव्हती."

मेलेल्या माणसाला दिलेलं मत बाद होतं. वाटून कुणाला जात नाही, तुकडाही नाही.

आणि वरचं खोरं रुईताईचं होतं. साहेबांचं मूळ गाव तिथलं, ती रोज तिथे चालत फिरली होती. ती मतं तिला पडली असती तर हात्सुएबाई पात उपटत राहिल्या असत्या.

ताकामिची थोडक्यात पडला होता आणि पक्षाच्या यादीत होता. दुपारी तो यादीतून उठून बसला, खासदार झाला. रुईताई अपक्ष होती. अपक्षाला यादी नसते, मागचं दार नसतं.

काकूने हातमोजे धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून दारापाशी ठेवले. काकांनी खडीच्या ट्रकवर जायचं म्हणून कमरेला पट्टा आणला. आम्ही मोनमांच्या फोनची वाट बघत होतो. फोन आला नाही. टांगलेली पर्सिमनं तपकिरी होऊन आकसली, त्यांच्यावर पांढरी साखर आली, काकांनी घराच्या उत्तरेला बर्फासाठी फळ्या ठोकल्या, तरी फोन आला नाही. आली ती मोनमांची मोटार. पुढे मोनमा, मागे ताकामिचीसाहेब, आणि त्यांच्या मागे हातात मिठाईचा खोका घेतलेली रुईताई.

तिने आमच्याकडे बघितलं नाही. जोडे काढले, सगळ्यांचे जोडे दाराकडे तोंड करून ओळीने लावले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. "चहा मी करते," ती म्हणाली. काकू तिच्या मागे गेली. मी मुळा चिरत होतेच.

"दादाचं ऑफिस सांभाळते आता," रुईताई किटली भरत म्हणाली. "म्हणजे तेच ऑफिस. तीच खुर्ची."

"रुईताई."

"डबा कुठला चहाचा? हिरवा ना?" तिने डबा काढला. मग पाठ न वळवता, हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम म्हणत होतीस ना? बाबांचं नाव."

काकूने दाराकडे बघितलं. बाहेरच्या खोलीत ताकामिचीसाहेब काकांना विचारत होते, पाठीच्या अनुषंगाने काय म्हणतात डॉक्टर.

"तुमच्याविरुद्ध बोलायचं नव्हतं मला," काकू म्हणाली. घरच्या आवाजात. "आणि गप्पही बसता येत नव्हतं. मग जे एक नाव कुणाच्याच विरुद्ध नव्हतं, ते घेतलं."

"मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं." रुईताईने चहाची पत्ती चमच्याने मोजून टाकली. "पण त्यांना नाही ना कळलं. त्यांना वाटलं, तामाए सांगतेय म्हणजे तेच लिहायचं. लिहिलं बिचाऱ्यांनी."

काकूने ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकले.

"मला आता तरी काढायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. म्हणा, हिच्यामुळे पडलो."

"सांगितलं की. मोनमा म्हणाला, एका बाईच्या आवाजावर अख्खं खोरं मेलेल्याला मत देतं. असा आवाज सोडायचा असतो का?" रुईताईने पेले ताटात मांडले. "तुझा घसा फार चांगला आहे, तामाए. इतकी वर्षं मीच तो जपला. आता गार पाणी पी, आंबट खा."

बाहेरून मोनमांची हाक आली. "वहिनी. जरा या की. साहेबांना एकदा ऐकायचंय."

काकू गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. ताकामिचीसाहेब उठून उभे राहिले आणि तिला वाकून नमस्कार केला, खूप खाली, खासदार एवढे वाकत नाहीत. "माझी चूक होती," ते म्हणाले. "मी सरावाला वेळ दिला नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत भरपूर वेळ आहे."

"मला ते नाव नीट येत नाही हो," काकू म्हणाली. कपाळातून, घंटेसारखं.

"म्हणून तर," मोनमा म्हणाले आणि थांबले. काका चटईकडे बघत होते. पाठीचा नवा पट्टा त्यांच्या स्वेटरवरून दिसत होता.

काकूने हात पुढे धरले, माइक नसताना माइक धरावा तसे. "साएगुसा," ती म्हणाली. "साएगुसा. साएगुसा ताकामिची."

कुठेही ठेच लागली नाही. मोनमांनी मांडीवर थाप मारली.

रुईताई चहाचं ताट घेऊन दारात आली होती. तिने ते खाली ठेवलं, पहिला पेला भावापुढे सरकवला.

"मि जरा लांबव," ती म्हणाली. "घाटात ऐकू जायला पाहिजे."

काकूने परत म्हटलं, मि लांबवून.